अन्ननलिकेचा कॅन्सर आणि क्लिनिकल ट्रायल : पहिला केमो चढवण्याआधी विचारायचं ते

मामांना घास अडकतोय हे आम्हाला पोह्यांवरून कळलं. इंदूरच्या घरात सकाळचे पोहे कुणी सोडत नाही, आणि आमचे मामा तर वरून मूठभर शेव घालून खाणारे. ते एकदम पोह्यांवर दूध ओतायला लागले, चमच्याने कालवून लगदा करून खायला लागले. विचारलं तर म्हणाले, दाढ दुखतेय. मग पोळी वरणात कुस्करून, मग नुसतं वरण. अडीच महिन्यांत नऊ किलो वजन उतरलं, तेव्हा मामींनी हट्टाने दुर्बिणीची तपासणी करवली. अन्ननलिकेच्या मधल्या भागात गाठ निघाली. तीस वर्षं तंबाखू-सुपारी तोंडात होती.

बायोप्सीचा रिपोर्ट आला त्याच आठवड्यात शहरातल्या एका रुग्णालयात पहिला केमो चढला. लवकर सुरू झालं याचं आम्हाला समाधानच वाटलं. वीस दिवसांनी दुसरं मत घ्यायला मुंबईला गेलो. तिथल्या डॉक्टरांनी फाइल चाळता चाळता विचारलं, "केमो सुरू झालाय?" हो म्हटल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं. त्यांच्याकडे मामांच्या दुखण्यावर एक ट्रायल सुरू होती, पण ती आधी कोणताही उपचार न झालेल्यांसाठीच होती. एका सलाईनने ते दार बंद झालं.

चूक कुणाची, हे मी इथे मांडत नाही. आम्ही विचारलंच नव्हतं, कारण विचारायचं असतं हे माहीत नव्हतं. रामबागेपासून सुदामानगरपर्यंत ओळखीच्या मराठी घरांतून आता मला फोन येतात, "अन्ननलिकेचं निघालंय, काय करू?" त्या सगळ्यांना जे सांगते ते इथे लिहून ठेवते. मी डॉक्टर नाही. फाइल घेऊन दोन वर्षं ओपीडीच्या बाकांवर बसलेली भाची आहे.

आधी एक शब्द. मराठीत 'चाचणी' म्हटलं की रक्ताची तपासणी डोळ्यांसमोर येते, म्हणून मी 'ट्रायल' असंच लिहिणार आहे.

ट्रायल म्हणजे शेवटचा उपाय नव्हे

"सगळं संपलं की ट्रायलमध्ये घालतात" हा समज आपल्याकडे घट्ट बसलाय आणि त्यानेच सगळ्यात जास्त नुकसान होतं. ट्रायल म्हणजे एका नेमक्या प्रश्नाचं उत्तर माणसांवर, ठरलेल्या नियमांनी शोधणं. प्रश्न कोणताही असू शकतो: ऑपरेशनआधी शेक (म्हणजे रेडिएशन) द्यावा का, ऑपरेशननंतर औषध द्यावं की नुसती पाळत ठेवावी, घास उतरावा म्हणून स्टेंट (जाळीची नळी) बसवावा की आतून रेडिएशन द्यावं, ऑपरेशनआधी व्यायाम आणि आहार सुधारला तर रुग्ण लवकर उठतो का. यातले बरेच प्रश्न उपचाराच्या अगदी सुरुवातीचे असतात. म्हणूनच सुरुवातीला विचारायचं.

मामांना पुढे जो उपचार मिळाला, पाच आठवडे दर आठवड्याला केमो, सोबत २३ वेळा शेक (इंदूरला आपण सर्रास 'सिकाई' म्हणतो) आणि मग ऑपरेशन, तो आला कुठून? नेदरलँड्समध्ये 'क्रॉस' नावाची ट्रायल झाली. ३६६ रुग्ण होते. निम्म्यांचं थेट ऑपरेशन, निम्म्यांना आधी केमो आणि शेक. २०१२ साली निकाल छापून आले. थेट ऑपरेशनच्या गटात निम्मे रुग्ण २४ महिन्यांपेक्षा जास्त जगले, दुसऱ्या गटात तोच आकडा ४९ महिन्यांवर गेला. त्यानंतर अनेक देशांत तो नेहमीचा उपचार झाला. त्या ३६६ जणांनी सही केली नसती तर मामांच्या पर्चीवर ते औषध लिहिलंच गेलं नसतं.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे आणि ती लपवून कुणाला ट्रायलकडे ढकलू नये. ब्रिटनमध्ये 'स्कोप-१' या ट्रायलमध्ये ऑपरेशन न करता केमो आणि शेक घेणाऱ्या २५८ रुग्णांपैकी निम्म्यांना सेटुक्सिमॅब हे औषध जोडून दिलं. २०१३ मध्ये निकाल आला तो उलटा: औषध जोडलेल्या गटाची तब्येत जास्त बिघडली आणि तो गट कमी जगला. नवं म्हणजे चांगलंच असं नाही. ते माहीत नसतं म्हणूनच तर ट्रायल करतात.

टप्प्यांबद्दल थोडक्यात. पहिल्या टप्प्यात औषध किती मात्रेत झेपतं ते थोड्या लोकांवर पाहतात. दुसऱ्यात त्याचा उपयोग होतोय का ते पाहतात. तिसऱ्यात ते आजच्या नेहमीच्या उपचाराशेजारी ठेवून तोलतात. तुम्हाला कोणत्या टप्प्याची ट्रायल सुचवलीय, हे विचारल्याशिवाय पुढचं बोलणं करू नका.

बायोप्सीचा कागद समोर घ्या

त्यावर काय शोधायचं? पहिली गोष्ट प्रकार. 'स्क्वॅमस सेल' लिहिलंय की 'अॅडेनो'? आपल्याकडे स्क्वॅमसच जास्त दिसतो, आणि त्यामागे तंबाखू, विडी, दारू, सुपारी असतात. ६५ अंशांपेक्षा गरम पेयांनाही जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने २०१६ साली 'बहुधा कॅन्सरकारक' म्हटलंय, म्हणजे कपातून वाफ निघत असतानाच चहा संपवणाऱ्यांनी दोन मिनिटं थांबावं. अॅडेनो बहुतेक वेळा अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला, जठराच्या तोंडाशी होतो, आणि त्याचं नातं वर्षानुवर्षांच्या अॅसिडिटीशी आणि लठ्ठपणाशी आहे. ट्रायल या दोन्हींसाठी बहुधा वेगवेगळ्या असतात. चुकीच्या प्रकाराची ट्रायल शोधत चार दिवस घालवलेली माणसं मी पाहिली आहेत.

दुसरी गोष्ट जागा: वरचा, मधला की खालचा भाग, आणि दातांपासून किती सेंटिमीटरवर. तिसरी गोष्ट टप्पा, म्हणजे स्टेज. ती सीटी किंवा पेट स्कॅन आणि एंडोस्कोपीतून केलेली सोनोग्राफी यांवरून ठरते. फक्त बायोप्सीवरून स्टेज कळत नाही.

आणि कागदावर 'डिसप्लेझिया' किंवा 'बॅरेट' असा शब्द असेल तर थांबा. तो कॅन्सर नव्हे, कॅन्सरआधीची अवस्था आहे. घाबरून घर डोक्यावर घेऊ नका आणि कागद कपाटातही टाकू नका.

कॅन्सर अजून झालेला नाही, त्यांच्यासाठी

या भागावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण इथे माणूस वाचवायला सगळ्यात जास्त वाव असतो आणि नेमकं इथेच आपण दुर्लक्ष करतो.

आमच्या शेजारच्या काकूंना पंधरा वर्षं अॅसिडिटी. सकाळी उठून गोळी, रात्री जेवून इनो. एंडोस्कोपीत 'बॅरेट्स इसोफेगस' निघालं. जठरातलं आम्ल सतत वर येऊन अन्ननलिकेच्या खालच्या टोकाचं अस्तर बदलतं, फिकट गुलाबी त्वचेच्या जागी आतड्यासारखी लालसर त्वचा येते, ते हे. बहुतेकांना पुढे कॅन्सर होत नाही. काहींच्या पेशी बिघडू लागतात: आधी हलका डिसप्लेझिया, मग तीव्र, मग कॅन्सर. हा प्रवास वर्षांचा असतो, आणि वाटेत अडवता येतो.

युरोपात 'सर्फ' नावाची ट्रायल झाली. हलका डिसप्लेझिया असलेल्या १३६ जणांपैकी निम्म्यांचं बिघडलेलं अस्तर दुर्बिणीतून रेडिओलहरींच्या उष्णतेने जाळलं, निम्म्यांवर नुसती नजर ठेवली. तीन वर्षांत नजर ठेवलेल्यांपैकी २६.५ टक्के पुढच्या टप्प्यात गेले, जाळलेल्यांपैकी १.५ टक्के. पण या ट्रायलमध्ये कुणाला घेतलं हे बघण्यासारखं आहे. ज्यांच्या काचपट्ट्या तज्ज्ञ पॅथॉलॉजिस्टनी पुन्हा पाहून 'हो, डिसप्लेझियाच आहे' असं म्हटलं, फक्त तेच. म्हणून तुमच्या कागदावर 'हलका डिसप्लेझिया' असेल तर पहिलं काम हे: त्याच स्लाइड पोटाच्या आजारांच्या दुसऱ्या अनुभवी पॅथॉलॉजिस्टला दाखवा. सूज आणि डिसप्लेझिया यांत गल्लत होऊ शकते. ट्रायलवालेही हेच मागतील.

गोळ्यांवरच्या ट्रायलही असतात. ब्रिटन आणि कॅनडातल्या 'अॅस्पेक्ट' ट्रायलमध्ये बॅरेट असलेल्या २,५५७ जणांना जवळपास नऊ वर्षं पाहिलं. आम्ल कमी करणाऱ्या औषधाचा जास्त डोस आणि सोबत अॅस्पिरिन घेणाऱ्यांना सगळ्यात जास्त फायदा झाला. हे वाचून कुणी मनानेच अॅस्पिरिन सुरू करू नका, त्याने पोटात रक्तस्राव होऊ शकतो. डॉक्टरांशी बोलायचा विषय आहे.

निदानाच्या नव्या पद्धती शोधणाऱ्या ट्रायल तर अगदी सोप्या असतात. इंग्लंडमध्ये दोरा बांधलेली एक कॅप्सूल गिळायला देतात. पोटात काही मिनिटांत ती विरघळते आणि आतला नाण्याएवढा स्पंज फुलतो. मग दोऱ्याने तो वर ओढून काढतात, येताना तो अन्ननलिकेच्या पेशी पुसून आणतो. सुमारे १३,००० लोकांच्या ट्रायलमध्ये नेहमीच्या पद्धतीने बॅरेटचे १३ रुग्ण सापडले, तर ज्या गटाला स्पंज देऊ केला होता त्यात १४०. अशा ट्रायलमध्ये भाग घेणं म्हणजे जिवावर उदार होणं नव्हे, एवढंच मला सांगायचंय.

तंबाखू-दारूवाल्यांच्या स्क्वॅमस प्रकारातही कॅन्सरआधीची अवस्था असते. एंडोस्कोपी करताना अन्ननलिकेवर आयोडीन फवारतात. निरोगी भाग तपकिरी होतो, बिघडलेला फिकटच राहतो. घरात कुणाला तोंडाचा किंवा घशाचा कॅन्सर होऊन गेला असेल तर त्यांच्या डॉक्टरांना एवढं विचारा: "अन्ननलिकाही एकदा पाहून घ्यायची का?"

डॉक्टरांना विचारायचं वाक्य

वाक्य पाठच करा. "डॉक्टरसाहेब, उपचार सुरू करण्याआधी विचारतो, यांच्यासाठी इथे किंवा दुसरीकडे एखादी ट्रायल सुरू आहे का? आणि आज केमो चढवला तर कोणती ट्रायल हातची जाईल?" दुसरा प्रश्न महत्त्वाचा. पहिल्याला "इथे नाही" असं उत्तर येऊन विषय संपतो, दुसऱ्याने डॉक्टरांना थांबून विचार करावा लागतो.

विचारायला तीन-चार दिवस लागतात, महिना नाही. रक्त पडतंय, श्वास कोंडतोय, पाणीही उतरत नाहीये, अशा वेळी ट्रायल शोधत बसू नये. उपचार आधी. बाकी बहुतेक घरांत तेवढे दिवस असतात, फक्त आपण ते काढ्यावाल्या बाबांकडे घालवतो.

डॉक्टर रागावतील अशी भीती वाटते. मलाही वाटायची. चांगले डॉक्टर रागावत नाहीत. रागावले तर दुसरं मत घ्यायला आणखी एक कारण मिळालं.

शोध कुठे घ्यायचा

भारतात होणाऱ्या ट्रायलची एक सरकारी नोंदवही आहे, सीटीआरआय. २००७ पासून सुरू आहे, आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) संस्था ती चालवते, सगळ्यांना फुकट पाहता येते. औषधांच्या ट्रायलना तिथे नोंद करणं २००९ पासून सक्तीचं आहे, आणि एप्रिल २०१८ पासून पहिला रुग्ण घेण्याआधीच नोंद करावी लागते. प्रत्येक ट्रायलला नंबर असतो: आधी सीटीआरआय, मग वर्ष, महिना आणि पुढे आकडे. कुणीही तुम्हाला ट्रायल सुचवली की पहिल्यांदा हा नंबर मागा. नंबर नाही म्हणाले तर उठून या.

शोधताना एक खुबी. अन्ननलिकेच्या इंग्रजी शब्दाची दोन स्पेलिंग आहेत, एक 'ई'पासून सुरू होणारं अमेरिकी, दुसरं 'ओ'पासून सुरू होणारं ब्रिटिश. आपल्याकडे दोन्ही चालतात. एकाच स्पेलिंगने शोधलं तर अर्ध्या ट्रायल दिसतच नाहीत. मी पहिल्या दिवशी हीच चूक केली. 'जठर आणि अन्ननलिकेचा सांधा' आणि 'वरचा अन्नमार्ग' या अर्थाचे इंग्रजी शब्द घालूनही पाहा, कारण खालच्या टोकाचे कॅन्सर पुष्कळदा त्या नावाखाली असतात.

पान उघडलं की सगळं वाचायची गरज नाही. ट्रायल रुग्ण घेतेय की बंद झालीय ते बघा. कोणत्या शहरांत आहे ते बघा, इंदूर, भोपाळ, अहमदाबाद, मुंबई, जे जमेल ते. मग कुणाला घेणार आणि कुणाला नाही या दोन याद्या. मुख्य डॉक्टरांचा फोन तिथेच दिलेला असतो. करा फोन. बहुधा समन्वयक उचलतात आणि दहा मिनिटांत सांगतात की फाइल घेऊन यायचं की नाही.

फाइल आणि ब्लॉक

मूळ कागद, प्रत्येकाच्या दोन झेरॉक्स, सीटी-पेटची सीडी (नुसता छापील रिपोर्ट चालत नाही), एंडोस्कोपीचे फोटो, चालू औषधांची यादी, जुन्या आजारांची यादी. तारखेप्रमाणे लावा, सगळ्यात नवं वर.

सगळ्यात विसरली जाणारी वस्तू म्हणजे ब्लॉक. बायोप्सीचा तुकडा मेणाच्या छोट्या ठोकळ्यात जपून ठेवलेला असतो, अंगठ्याच्या पेराएवढा. काही ट्रायलमध्ये गाठीवर पीडी-एल१ किंवा हर-२ ही प्रथिनं आहेत का ते पाहतात, आणि त्यासाठी हा ठोकळा लागतो. जिथे बायोप्सी झाली त्या लॅबमध्ये अर्ज देऊन, सही करून तो मिळतो. आम्ही तो न घेता मुंबईला गेलो आणि मामेभावाला पुन्हा अवंतिका एक्सप्रेसने रातोरात इंदूरला परत पाठवावं लागलं. उन्हाळ्यात नेताना उन्हात, गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, मेण आहे.

वजन, ताकद आणि नाकातली नळी

ट्रायलमध्ये घेताना रुग्ण किती हिंडता-फिरता आहे याचा शून्य ते चार असा गुण देतात. शून्य म्हणजे पूर्वीसारखा, एक म्हणजे जड कामं सोडून सगळं करणारा, दोन म्हणजे स्वतःचं स्वतः करणारा पण काम न करू शकणारा. बऱ्याच ट्रायल शून्य आणि एकवाल्यांनाच घेतात. रक्त, मूत्रपिंड, यकृत यांचे आकडेही ठरावीक लागतात. अन्ननलिकेच्या रुग्णाची खरी लढाई इथेच असते, कारण तो उपाशी असतो.

म्हणून सांगते, नळीला नाही म्हणू नका. मामा नाकातल्या नळीला फार लाजले, दारावर कुणी आलं की आत जायचे. पण त्या नळीतून मुगाचं कढण, नाचणीची पातळ पेज, दूध, गाळलेली डाळ दर दोन तासांनी जायला लागली आणि तीन आठवड्यांत ते परत जिना चढायला लागले. काय, किती द्यायचं ते आहारतज्ज्ञांकडून लिहून घ्या. नळीत काही घातल्यावर पाण्याने धुवा, नाहीतर तुंबते. देताना डोकं उंच ठेवा.

संमतीपत्र : घरी आणा, दोन रात्री ठेवा

आमचं पहिलं दार बंद झालं होतं. पण ऑपरेशननंतर त्याच मुंबईच्या रुग्णालयात दुसऱ्या एका ट्रायलबद्दल विचारलं गेलं, आणि तिच्यात मामा बसत होते. हातात बावीस पानं आली. मराठीत. मामांनी चष्मा लावला, पेन्सिल घेतली आणि तिसऱ्या पानावर एका शब्दाभोवती गोल काढला. "यादृच्छिक म्हणजे काय गं?" घरात कुणालाच सांगता येईना. समन्वयक बाईंना विचारलं तर म्हणाल्या, "काका, चिठ्ठ्या टाकल्यासारखं. तुम्ही कोणत्या गटात जाणार ते संगणक ठरवणार. डॉक्टर नाही, मी नाही, तुम्ही नाही." मामा म्हणाले, "मग असंच लिहायचं ना." त्या दिवशी त्यांनी अकरा गोल काढले आणि अकराही शब्दांचे अर्थ विचारून घेतले. अशीच पेन्सिल तुम्हीही घ्या.

भाषेचं एक सांगायचं राहिलं. इंदूरला बहुधा हिंदी माहितीपत्रक देतात, मुंबईला मराठी. तुम्हाला जी नीट समजते ती मागा. आपल्या घरांतले म्हातारे मराठी वाचतात, हिंदी माध्यमात शिकलेली मुलं हिंदी. समजणाऱ्या भाषेत माहिती मिळणं हा नियम आहे, मेहेरबानी नाही. रुग्णाला वाचता येत नसेल तर ट्रायलशी संबंध नसलेला साक्षीदार हजर लागतो. सही झाल्यावर पत्रकाची आणि सही केलेल्या संमतीपत्राची प्रत तुम्हाला मिळालीच पाहिजे.

हे नियम असे सहज आलेले नाहीत, आणि इंदूरकरांना तर त्यांचा इतिहास माहीत असायलाच हवा. काही वर्षांपूर्वी आपल्याच शहरात रुग्णांना पुरतं न सांगता औषधांच्या ट्रायल केल्याचे आरोप झाले. इंदूरच्या स्वास्थ्य अधिकार मंचाने २०१२ साली सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. त्या खटल्याच्या रेट्यातून २०१३ मध्ये नुकसानभरपाईचे नियम आले, संमती घेतानाच्या चित्रीकरणाची सक्ती आली (आता ती नव्या रेणूच्या औषधासाठी, दुर्बल गटातल्या व्यक्तीकडून संमती घेताना आहे), आणि मार्च २०१९ मध्ये नवी औषधं व क्लिनिकल ट्रायल यांची पूर्ण नियमावली झाली. देशात आज कुठेही रुग्णाच्या हातात जे पत्रक पडतं, त्यामागे आपल्या गावच्या माणसांचं दुःख आणि चिकाटी आहे. म्हणून ते वाचल्याशिवाय सही करायची नाही.

पत्रकात हे शोधा. दोन गट कोणते, आणि दुसऱ्या गटाला काय मिळणार, नेहमीचा उपचार की औषध नसलेली गोळी? नेहमीच्या उपचाराशेजारी जादा किती फेऱ्या, किती रक्त, किती एंडोस्कोपी? अपाय झाला तर कोण बघणार? नियम असा आहे की ट्रायलमुळे इजा झाली तर उपचार मोफत, आणि भरपाई वेगळी. मृत्यू झाल्यास भरपाईचं गणित ८ लाख रुपयांच्या पायावर, वय आणि आजाराची तीव्रता धरून करतात. म्हणूनच संमतीपत्रावर वार्षिक उत्पन्न, व्यवसाय आणि वारसाचं नाव लिहायचा रकाना असतो. तो पाहून मामी रडायला लागल्या. त्यांना वाटलं, हे मरणार असं धरूनच चाललेत. तसं नाही. तो रकाना तुमच्या हक्काचा आहे, रिकामा सोडू नका.

एथिक्स कमिटीचा फोन नंबर पत्रकावर असतो. ही समिती ट्रायलला परवानगी देते आणि नंतर लक्ष ठेवते. तिच्यात किमान सात जण असतात, निम्मे तरी त्या संस्थेबाहेरचे. एक कायदा जाणणारा, एक महिला, एक तुमच्या-आमच्यासारखा सामान्य माणूस. डॉक्टरांशी बोलून समाधान झालं नाही तर थेट त्यांना फोन करता येतो.

आणि बाहेर पडायचा हक्क. कधीही, कारण न देता. पुढच्या उपचारावर त्याचा परिणाम होता कामा नये. फक्त न सांगता औषध थांबवू नका, सुरक्षेच्या शेवटच्या तपासण्या करून घ्या.

पैसे आणि प्रवास

ट्रायलमध्ये घेण्यासाठी पैसे मागणारा माणूस ठग समजा. ट्रायलचं औषध आणि ट्रायलसाठीच्या जादा तपासण्या यांचा खर्च तुमच्यावर नसतो. पण नेहमीचा उपचार, पलंगाचं भाडं, सुया-सलाईन कोण भरणार? आयुष्मान कार्ड त्या भागाला चालेल का? प्रवासखर्च मिळेल का, पावत्या लागतील का? हे सगळं लेखी घ्या. रेल्वेत कॅन्सरच्या रुग्णाला उपचारासाठी जाताना स्लीपर आणि थर्ड एसीचं भाडं माफ असतं, सोबतच्यालाही सवलत मिळते. त्याचा छापील फॉर्म रुग्णालयातूनच सही-शिक्का मारून घ्यावा लागतो.

इंदूरहून मुंबईला दर तीन आठवड्यांनी जायचं म्हणजे घरातल्या एकाची नोकरी हलते. सही करण्याआधी सगळ्यांनी एकत्र बसून ठरवा, कोण कधी जाणार. आम्ही कॅलेंडरवर नावं लिहिली होती.

सुरू झाल्यावर

एक वही ठेवा. ताप, उलटी, जुलाब, खोकला, गिळताना दुखणं, वेळ आणि तारीख घालून. समन्वयकांचा नंबर घरातल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये, आणि ट्रायलचं कार्ड रुग्णाच्या खिशात. इंदूरला रात्री दवाखान्यात भरती करावं लागलं तर ते कार्ड तिथल्या डॉक्टरांना दाखवा आणि त्याच रात्री मुंबईला कळवा. गंभीर काही झालं तर मुख्य डॉक्टरांना ते २४ तासांच्या आत वर कळवावं लागतं. तुम्ही सांगितलंच नाही तर ते कळवणार कसे?

काढे, भस्मं, गोमूत्र, होमिओपॅथीच्या गोळ्या, जे काही चालू असेल ते लपवू नका. मामांना एका नातलगाने पुडी आणून दिली होती आणि ते गुपचूप घेत होते. यकृताचा आकडा वाढला, औषध दोन आठवडे थांबलं. पुडी बंद झाल्यावर आकडा खाली आला. डॉक्टर ओरडले नाहीत, फक्त पुडीचं नाव लिहून घेतलं.

नाही म्हटलं तर, आणि संपल्यावर

तपासण्या होऊनही ट्रायलमध्ये न बसणं हे नेहमी घडतं. एखादा रक्ताचा आकडा, एखादा जुना आजार. कारण लिहून घ्या आणि विचारा, हे सुधारलं तर पुन्हा येता येईल का, पुढे दुसरी कोणती ट्रायल उघडणार आहे. नेहमीचा चांगला उपचार ठरल्या दिवशी सुरू करा. तोही कुणाच्या तरी ट्रायलमधूनच आलेला असतो.

ट्रायल संपली तरी औषधाचा उपयोग होत असेल आणि दुसरा पर्याय नसेल, तर एथिक्स कमिटीच्या संमतीने ते पुढेही मोफत मिळण्याची तरतूद २०१९ च्या नियमांत आहे. डॉक्टरांनी स्वतःहून सांगितलं नाही तर आठवण करून द्या. निकाल लागल्यावर तो आम्हाला कळवा, असंही आत्ताच सांगून ठेवा.

त्यानंतर वर्षानुवर्षं तीन-चार महिन्यांनी फोन येत राहतो: वजन किती, काय खाता, हिंडता का. मामा तो फोन स्वतः घेतात. परवा त्यांनी चोपन्न किलो सांगितलं आणि पोहे खातो म्हणाले, शेव न घालता. मोबाइल नंबर बदलला तर ट्रायलच्या ऑफिसला कळवायला विसरू नका.